पाटी न वाचणारे आहेर नाना

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या ऑफिसच्या खाली एक हॉटेल होतं. भिंतभर काळी पाटी आणि तिच्यावर खडूनं लिहिलेले पस्तीस-चाळीस पदार्थ. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सगळे मला तिथे जेवायला घेऊन गेले. आम्ही चौघांनी पाटी वाचली, त्यावर चर्चा केली, ऑर्डर दिली. पाचवे गृहस्थ पाटीकडे चक्क पाठ करून बसले होते. पन्नाशी उलटलेले, काळेसावळे, पांढऱ्या हाफ शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्यांनी वेटरला बोटानं जवळ बोलावलं आणि विचारलं, "आत्ता आत काय हाय?"

"पाटीवर लिहिलंय ना, नाना."

"पाटी सकाळी लिहिली. मी आत्ताचं विचारतोय. जा, आचाऱ्याला विचारून ये."

वेटर चरफडत आत गेला आणि शेवभाजी तयार असल्याची खबर घेऊन आला. पाच मिनिटांत नानांचं जेवण सुरू झालं. वीस मिनिटांनी तोच वेटर आमच्याकडे आला, भरलं वांगं संपलंय, पनीर आज आलंच नाही, अशा एकेक बातम्या देऊ लागला. नाना तोवर हात धुऊन बडीशेप चावत बसले होते. खरं सांगते, मला त्या माणसाचा रागच आला. एवढी पाटी लिहून ठेवलीय आणि हा माणूस बिचाऱ्या वेटरला उगाच पळवतोय!

हेच आहेर नाना. पुढची सहा-सात वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर काढली, आणि आज कॉम्प्युटरचं जे काही मला येतं त्यातलं निम्मंअधिक या माणसाचं आहे. बाकीचं कॉलेजात शिकले होते, ते कधीच विसरले.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. द्राक्ष बागायतदारांच्या एका छोट्या संस्थेत मी प्रोग्रॅमर म्हणून लागले होते. जिल्ह्यात संस्थेची नऊ केंद्रं होती, दिंडोरी, कळवण, निफाड अशी. प्रत्येक केंद्राच्या गच्चीवर हवामानाची यंत्रं आणि खाली खोलीत एक कॉम्प्युटर. वेलीची पानं किती तास ओली राहिली, हवेत दमटपणा किती, यावरून तो कॉम्प्युटर रोज सकाळी एक कागद छापायचा, 'डाउनीचा धोका: कमी', नाहीतर मध्यम, नाहीतर जास्त. डाउनी म्हणजे वेलीवरची बुरशी. केंद्र सांभाळणारी बाई तो कागद दारातल्या पाटीवर लावायची आणि येणारे-जाणारे बागायतदार तो वाचून फवारा मारायचा की नाही ते ठरवायचे. हा कागद छापणारा प्रोग्राम आमचाच. त्याचं नाव आम्ही 'सल्ला' ठेवलं होतं.

नऊच्या नऊ मशीन विंडोजऐवजी लिनक्सवर चालायच्या, आणि त्या जिवंत ठेवायचं काम नानांकडे होतं. नानांकडे पदवी वगैरे काही नव्हती. कळवणजवळच्या खेड्यातून दहावी होऊन ते नाशकात आले, सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागले आणि बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. नव्वदनंतर कधीतरी कारखान्यात कॉम्प्युटर आला. तो ठेवायला कुठे जागा नव्हती म्हणून साहेबांनी तो स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवला आणि नाना त्याच्या नादी लागले. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे लोक हवालदिल झाले होते, आणि नाना मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून घरी लिनक्स बसवत होते. इंग्रजी मदतीची पानं ते शब्दकोश उघडा ठेवून, शिसपेन्सिलनं वर मराठी अर्थ लिहीत वाचायचे. मी पुण्याहून बी.ई. होऊन आलेली. मला ते सगळं फार गमतीचं वाटायचं. भलतीच शहाणी होते मी तेव्हा.

"मॅडम," नानांनी पहिल्याच आठवड्यात मला समजावलं होतं, "लिनक्स म्हंजे दुसरं काही नाय, स्टोअर हाय. पॅकेज म्हंजे खोकं. कुठलं खोकं आलं, कवा आलं, कितवी आवृत्ती, त्याला आनखी कुठलं खोकं लागतं, ह्या सगळ्याची नोंद कोन ठेवतो? पॅकेज मॅनेजर. तो आपला स्टोअरकीपर. कायबी पाहिजे असंल तर त्याच्या खिडकीवर जायचं. मांडणीवरच्या चिठ्ठ्या वाचत फिरायचं नाय."

मी मान डोलावली होती. कानांनी ऐकलं, डोक्यात काही शिरलं नाही.

नानांची ही विचारायची खोड ऑफिसपुरती असती तर ठीक होतं. एसटी स्टँडवर गाडीच्या कपाळावर 'कळवण' असं ढळढळीत लिहिलेलं असायचं, तरी नाना ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन "ही आज कळवणलाच जाणार ना?" असं विचारायचे. लोक हसायचे. एकदा ती गाडी खरोखरच सटाण्याला निघाली होती, नुसता बोर्ड बदलायचा राहिला होता. त्या दिवसानंतर नानांना समजावायची सोयच उरली नाही.

त्यांच्या पुतणीच्या बघण्याचा किस्सा तर त्यांच्या पत्नीनेच मला सांगितला. त्यांना सगळे जिजी म्हणायचे. पाहुणे आलेले, पोहे झालेले, मुलाकडच्यांनी पसंती दिली, मुलीचे वडील म्हणजे नानांचे थोरले भाऊ म्हणाले, "आमच्या मुलीचीबी पसंती हाय." साखर वाटायला ताट बाहेर आलं. आणि नाना भर बैठकीत उठून आत स्वयंपाकघरात गेले आणि पुतणीला अहिराणीत म्हणाले, "तुले कोनी इचारं का?" तुला कोणी विचारलं का? ती पोरगी ढसाढसा रडायलाच लागली. तिला पुढे शिकायचं होतं. झालं, लग्न मोडलं. थोरले भाऊ वर्षभर नानांशी बोलले नाहीत. जिजी हे सांगताना कपाळाला हात लावायच्या आणि हसायच्या. ती पुतणी पुढे कळवणला नर्स झाली.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

नऊ मशीनवर 'सल्ला'ची कितवी आवृत्ती आहे हे बघायला नाना आठवड्यातून एकदा प्रत्येक केंद्राला फोन लावायचे, मॉडेम जोडायचे आणि एकेका मशीनला विचारायचे. दोन दिवस त्यातच जायचे. मी म्हटलं, हे सगळं आपोआप करून टाकू. मी एक प्रोग्राम लिहिला. प्रत्येक मशीन आपल्याकडच्या पॅकेजांची यादी छापायची, ती यादी नाशिकला यायची, माझा प्रोग्राम त्या ओळींमधून काप घालून आवृत्तीचा आकडा वेगळा काढायचा आणि आमच्याकडची आवृत्ती मोठी असली तर ती तिकडे पाठवायचा. खाली हिरव्या अक्षरांत अहवाल यायचा, 'नऊपैकी नऊ केंद्रं अद्ययावत'. दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत! साहेब तर खूश झालेच. आमच्या संस्थेच्या सचिवांना आम्ही साहेब म्हणायचो.

नानांनी माझा प्रोग्राम वाचला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, तुमी छापील यादी वाचताय. ती माणसाच्या डोळ्यासाठी छापलीय. पॅकेज मॅनेजरची लायब्ररी हाय ना, म्हंजे प्रोग्रामांसाठीची त्याची खिडकी? आपल्या प्रोग्राममधून सरळ तिला विचारायचं, ती नोंद हातात देते. नाव येगळं, आवृत्ती येगळी, सगळं सुटं सुटं."

"नाना, उत्तर तेच येतंय ना? मग झालं तर!"

"आज येतंय," नाना म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले.

'सल्ला'ची एक-आठ, म्हणजे १.८ आवृत्ती झाली, एक-नऊ झाली, सगळं सुरळीत चाललं. मग एक-नऊमध्ये एक खोट सापडली. पावसात लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडायचा, आणि तेवढ्या तासांत पानं कोरडीच होती असं तो धरून चालायचा. म्हणजे नेमका पाऊस पडला की कागदावर धोका कमी! आम्ही ती दुरुस्त केली. माहिती नसेल तर 'माहिती अपुरी, बागेत जाऊन पाहा' असं छापायला लावलं आणि नवी आवृत्ती काढली, एक-दहा. मी माझा प्रोग्राम चालवला, हिरवा अहवाल आला. नऊपैकी नऊ अद्ययावत. मी सगळ्या केंद्रांना तसं कळवूनही टाकलं.

ज्यांना या कामातलं काही कळत नाही त्यांनाही माझी चूक लगेच कळेल. मी आवृत्तीला साधा दशांश आकडा समजले होते. एक पूर्णांक दहा हा एक पूर्णांक नऊपेक्षा लहान असतो, हे शाळेतलं गणित. माझ्या प्रोग्रामनं तेच केलं. केंद्रांवर एक-नऊ आहे, आपल्याकडे त्याहून लहान एक-दहा आहे, म्हणजे तिकडचंच नवं, पाठवायची गरज नाही, सगळं छान. नवं 'सल्ला' एकाही केंद्रावर गेलं नाही.

आणि ऑक्टोबरची छाटणी होऊन बागा फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस आला. दोन दिवस रिपरिप, लाइट रात्रभर गायब, सकाळी तेवढी यायची. दिंडोरीच्या पाटीवर कागद लागला, 'डाउनीचा धोका: कमी'.

बऱ्याच बागायतदारांनी आभाळाकडे बघून फवारा मारून घेतला होता. पोपटतात्यांनी मारला नाही. दिंडोरीपासून जवळच त्यांची बाग. साठीचे, बत्तीस वर्षं द्राक्षं केलेले, कॉम्प्युटर म्हटलं की नाक मुरडणारे. त्यांना पाटीची सवय लावली ती नानांनी. वर्षभर मागे लागून, "तात्या, पाटी बघत जा, फुकटचे फवारे वाचतील," असं सांगून सांगून. तात्यांनी पाटी बघितली आणि ते थांबले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या दोन एकरांवरचे कोवळे घड काळे पडून गळायला लागले.

ऑफिसात फोन आला तेव्हा मी लगेच अहवाल काढून दाखवला. "दिंडोरीला एक-दहा आहे साहेब, हे बघा." नानांनी त्या कागदाकडे पाहिलंच नाही. मॉडेम जोडला, दिंडोरीच्या मशीनला विचारलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. एक-नऊ. मला वाटत होतं, त्यांनी एकदा तरी म्हणावं, सांगितलं होतं ना मी. तेसुद्धा म्हणाले नाहीत.

साहेबांनी दार लावून घेतलं. "हे बघा, लाइट गेली होती की नाही? गेली होती. मग लाइटीमुळे कागद चुकला असं सांगायचं. खोटं थोडंच आहे? या शुभदाचं नाव कुठे यायला नको आणि संस्थेचंही नको." मला एकदम हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

नाना खुर्चीतून उठत म्हणाले, "साहेब, तात्याला विचारलं का कोनी, त्याला काय कळायला पाहिजे ते?" आणि माझ्याकडे वळून, "चला."

त्यांच्या जुन्या एम-एट्टीवर मागे बसून मी दिंडोरीला गेले. सगळा रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होते. बागेच्या बांधावर तात्या उभे होते. नानांनी गाडी स्टँडला लावली आणि ते दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. म्हणजे बोलायचं मलाच.

"तात्या, पाटी चुकली ती माझ्यामुळे. लाइट गेली होती, पण कारण ते नाही. दुरुस्त केलेला प्रोग्राम तयार होता, तो इथे पोचलाच नाही. मी मशीनला न विचारताच पोचला म्हणून कळवलं."

तात्यांनी वेलीवरचा एक घड तोडला. घड कसला, काळी पडलेली काडी आणि तिला चिकटलेले चार मणी. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "मला काय सांगती? ह्याला सांग."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर तात्या मला सोडून नानांकडे वळले. "नाना, बत्तीस वर्षं मी बाग बघून फवारा मारला. तुमच्या शब्दावर पाटीवर गेलो, पाटीच्या नाय. आता तुमच्या पाटीकडं मी ढुंकून बघनार नाय. जा तुमी."

"बरं," नाना म्हणाले. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. माझी चूक त्या माणसाच्या अंगावर पडली होती आणि तो ती मुकाट घेत होता. नोकरी गेली असती तरी मला तेवढं लागलं नसतं.

परत येताना एका चहाच्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवली. चहा बशीत ओतत, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. कारखान्यात त्यांना दुसरंच वर्ष होतं. ग्राइंडिंगवरचा एक कामगार स्टोअरच्या खिडकीवर चष्मा मागायला आला. ठिणग्या उडतात, त्यापासून डोळे वाचवायचा चष्मा. नानांनी बसल्या जागेवरून मांडणीकडे पाहिलं. खोक्यावर चिठ्ठी होती, 'चष्मे: बारा'. "जेवणानंतर ये, देतो काढून, हायेत भरपूर," असं ते म्हणाले. जेवणानंतर खोकं काढलं तर रिकामं. मालाच्या नोंदीच्या कार्डावर शिल्लक शून्य लिहिलेली होती, पण कार्ड बघितलं कोणी? तोवर तो माणूस चष्म्याशिवायच मशीनवर उभा राहिला होता. "आता मिळनार हाय म्हनून त्यानं दुसऱ्या कोनाकडं मागितलाबी नाय," नाना म्हणाले. "डावा डोळा गेला त्याचा. दर दिवाळीला जातो मी त्याच्याकडं. पहिल्या वर्षी त्यानं दार लावून घेतलं होतं."

"मग?"

"मग दुसऱ्या वर्षी परत गेलो." त्यांनी बशी खाली ठेवली. "चल पोरी, उद्यापास्नं लायब्ररी शिकायची."

तोपर्यंत मी मॅडम होते. त्या दिवसापासून पोरी झाले.

पुढचे पंधरा दिवस नानांनी मला शाळेतल्यासारखं बसवलं. छापलेल्या यादीला हात लावायचा नाही. प्रोग्राममधून लायब्ररीच्या खिडकीवर जायचं, पॅकेजची नोंदवही उघडायची, नाव सांगायचं आणि येईल ती नोंद घ्यायची. एक आली तर एक, दोन आल्या तर दोन, आणि एकही नाही आली तर 'नाही' हेही उत्तरच आहे. त्या नोंदीत कधी बसवलं ती तारीखसुद्धा असते हे मला तेव्हा कळलं. दोन आवृत्त्यांत कुठली नवी, हे आपण ठरवायचंच नाही. त्यासाठी लायब्ररीतच सोय असते, दोन्ही तिच्या हातात द्यायच्या आणि तिलाच विचारायचं. "आवृत्ती हा आकडा दिसतो, पन तो आकडा नाय," नाना म्हणायचे. "बेअरिंगच्या नंबराची कधी बेरीज केली का? ज्यानं नंबर लावले त्याला विचारायचं, आधीचा कुठला अन् नंतरचा कुठला." मी एक-नऊ आणि एक-दहा लायब्ररीला दिले. तिनं क्षणात सांगितलं, एक-दहा नवी. मी ते उत्तर कितीतरी वेळ बघत बसले होते.

नव्या प्रोग्रामनंही एकदा दगा दिलाच. मी निफाडला गेले होते तेव्हा तिथल्या मशीनवर दुसरं एक पॅकेज बसेना, सगळं अडकून पडलं. नानांनी फोनवरूनच मला विचारलं, "पोरी, नोंदवही मिटली का?" नव्हती मिटली. मी उघडली होती, माझा प्रोग्राम मध्येच बंद पडला होता आणि वहीला कुलूप तसंच राहिलं होतं. मागून आलेल्याला लिहिता येत नव्हतं. तेव्हा कुठे मला आठवलं की नाना ऑफिसातलं साधं हजेरीचं पुस्तकसुद्धा दोन्ही हातांनी मिटून, वर तळहात ठेवून मगच उठायचे. मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवत असे.

त्यानंतर आम्ही रोजच्या कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवली: 'सल्ला'ची आवृत्ती कितवी, ती कधी बसवली आणि मशीनला आज किती वाजता विचारलं. ती कल्पना माझी. नानांनी त्यावर "चांगलंय" एवढंच म्हटलं. एवढं कौतुक त्यांनी माझं पुन्हा कधी केलं नाही.

पण तात्या काही त्या कागदासमोर थांबायचे नाहीत. केंद्रावरून जायचे तेव्हा मान मुद्दाम दुसरीकडे करायचे, असं तिथली बाई सांगायची. नाना मात्र प्रत्येक छाटणीनंतर त्यांच्या बागेवर जाऊन यायचे. तीन हंगाम गेले. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, एकदा विचारा तरी त्यांना, पाटी का बघत नाही म्हणून. आता सगळं बरोबर आहे!"

"ते मला माहीत हाय, तुला माहीत हाय. त्याला कसं माहीत असनार?"

"मग जाऊन काय विचारता तुम्ही?"

"बाग कशी हाय ते विचारतो," नाना म्हणाले. "त्याला तेच सांगायचं असतं."

नंतर नाना निवृत्त होऊन गावी गेले आणि वर्षभरातच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मला कळलं ते तात्यांकडून! त्यांचा ऑफिसात फोन. "पोरी, नानाकडं जायचंय. मी गाडी काढतो, चल." चार वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. नाशिकहून मला घेऊन त्यांनी कळवणपर्यंत गाडी चालवली.

नानांच्या घरी माणसांची रीघ होती. येणारा प्रत्येक जण खाटेकडे एक नजर टाकायचा आणि जिजींना विचारायचा. जेवतात का? ओळखतात का? कळतंय का त्यांना काही? नाना तिथेच उशीला टेकून बसलेले, डोळे लख्ख उघडे, आणि सगळी चौकशी त्यांच्या डोक्यावरून. मीसुद्धा जिजींकडेच वळणार होते. खरंच वळणार होते.

तात्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, नानांच्या अगदी समोर बसले आणि म्हणाले, "नाना, कसं हाय?"

आणि ते थांबले. नानांचे ओठ हलायला लागले, शब्द फुटेना. कोणीतरी मध्ये बोलायला गेलं तर तात्यांनी हातानं गप्प केलं.

"बठ्ठं… बरं शे," नाना म्हणाले. सगळं बरं आहे. झटक्यानंतर ते अहिराणीशिवाय बोलायचेच नाहीत.

तात्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग नानांकडे. "आज सकाळी फवारा मारून निघालो, नाना. तुमची पाटी वाचली अन् मारला."

नानांची भुवई, चालत होती ती डावी, वर गेली. "नुसती… वाची?"

"नाय ओ!" तात्या जवळजवळ ओरडलेच. "केंद्रातल्या बाईला म्हनलं, मशीनला माझ्यासमोर विचार. आवृत्ती कितवी, कवा बसवली, रात्री लाइट होती का, सगळं विचारायला लावलं. तिनं विचारलं, मी ऐकलं, मग मारला."

नाना हसले. अर्ध्या तोंडानंच, पण घशातून आवाज काढून हसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डावा हात उचलून त्यांनी तो तात्यांच्या हातावर ठेवला, वही मिटून ठेवायचे तसा. मी बाहेर ओट्यावर जाऊन मनसोक्त रडून घेतलं. चार वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणीतरी उचलून नेलं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी, मी ऑफिसात असताना, मोबाइलवर मेसेज आला. 'आहेर नाना गेले.' पाठोपाठ आणखी तीन जणांचे, तेच शब्द. शेजारच्या टेबलावरचे लोक उभे राहिले, साहेब बाहेर आले, कोणी म्हणालं शोकसभा घेऊ, कोणी म्हणालं हार सांगा. मी मेसेज दोनदा वाचला आणि नानांच्या घरचा नंबर लावला.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"जिजी, मी शुभदा. मेसेज आलाय…"

"खरं शे, पोरी. गयात नाना." मग माझ्यासाठी म्हणून त्या मराठीत म्हणाल्या, "सकाळपासून कोणाचाच फोन नाही. पण तू विचारशील, हे ठाऊक होतं मला. फोन जवळ घेऊनच बसले होते."